आत जाणारी गाठ

(गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ दरवर्षी होणाऱ्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



या व्यासपीठावरून आजवर तुम्ही संतवाङ्मय ऐकलंत, पाणलोटाचं गणित ऐकलंत, शेतमालाच्या भावावरचे वाद ऐकलेत. यंदा डॉक्टरला बोलवायचं ठरलं तेव्हा संयोजकांच्या मनात मधुमेह होता. मी त्यांना विनंती करून विषय बदलून घेतला. मला आज जांघेतल्या हर्नियाबद्दल बोलायचं आहे. चारचौघांत, माईकवरून, आयाबहिणी समोर असताना हे नाव घ्यायला अवघड वाटतं याची मला कल्पना आहे. तपासणीच्या बंद खोलीतसुद्धा माणसं 'जांघ' म्हणत नाहीत. 'खाली जरा', 'त्या जागेवर', 'इथं कुठंतरी' असं म्हणत विजारीवरून हात फिरवतात. समोर बाई डॉक्टर आहे म्हटल्यावर तर काही जण 'पोट दुखतंय' एवढंच सांगून गोळ्या घेऊन जातात. विषय बदलून मागण्याचं हे एक कारण.

दुसरं कारण गुरुजी. दिवसा शाळा आणि रात्री बाजार समितीच्या आवारात हमालांसाठी वर्ग, असं त्यांचं आयुष्य गेलं. त्या वर्गात बसणाऱ्यांपैकी कितीतरी जण लंगोटाखाली जांघेत कापडाची घडी कसून बांधून पोती उचलत असत. ती घडी कशासाठी हे सगळ्यांना माहीत असे आणि कुणीही त्याबद्दल बोलत नसे. माथाडी आणि हमालांसाठीचा कायदा महाराष्ट्रात १९६९ साली झाला, मजुरीला नियम आले, शंभर किलोंचं पोतं पन्नासावर आणण्यासाठी हमाल झगडले. जांघेतल्या गाठीबद्दलची गप्प राहण्याची सवय मात्र तशीच आहे.

आधी आजार समजून घेऊ. पोटाची पुढची भिंत स्नायूंच्या आणि चिवट पडद्यांच्या थरांची बनलेली असते. तिच्यात कुठं कमकुवत जागा झाली आणि तिथून आतला भाग, म्हणजे चरबीचा पडदा किंवा आतडं, कातडीखाली येऊ लागला, की त्याला हर्निया म्हणतात. जुनी माणसं अंतर्गळ म्हणतात, काही भागांत 'आतडं उतरलं' म्हणतात. हे जांघेतच सर्वांत जास्त का होतं, याचं उत्तर आपल्या जन्माआधीच्या घडणीत आहे. पुरुषाचे वृषण गर्भात पोटाच्या आत, मूत्रपिंडांच्या खाली तयार होतात आणि जन्माआधीच्या शेवटच्या महिन्यांत खाली पिशवीत उतरतात. त्यांच्यासाठी जांघेत एक तिरकी वाट राखलेली असते. पायजम्याचा नेफा डोळ्यांसमोर आणा. थरांच्या मधून जाणारी, मोठ्या माणसात साधारण चार सेंटिमीटर लांबीची ही बोळ, आणि नेफ्यातून नाडी जावी तशा तिच्यातून वृषणाच्या रक्तवाहिन्या आणि वीर्यनलिका जातात. वृषण उतरताना पोटाच्या अस्तराचा एक लांबट कोष बरोबर येतो. तो कोष पुढे मिटायला हवा. तो उघडा राहिला तर त्यातून कधी नुसतं पाणी उतरतं, कधी आतडं. उजवा वृषण थोडा उशिरा उतरतो, म्हणून उजवीकडचा हर्निया जास्त दिसतो.

म्हणजे विशीतल्या तरुणाच्या जांघेत फुगवटा येतो तेव्हा त्याची वाट बहुतेक वेळा जन्मापासूनच उघडी असते. वजन उचलणं, जुनाट खोकला, शौचाला किंवा प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवीला कुंथावं लागणं, हे त्या वाटेनं आतडं ढकलतात. पन्नाशीनंतर आणखी एक प्रकार भेटतो. त्यात बोळीची मागची भिंतच झिजून पातळ होते आणि सरळ पुढे फुगते. विडी-तंबाखूच्या धुरानं शरीरातले चिवट धागे कमजोर होतात, हेही इथं सांगायला हवं.

ओझ्याचा या दुखण्याशी संबंध आहे हे सुश्रुतानं नोंदवलं आहे. अंत्रवृद्धीची, म्हणजे हर्नियाची, कारणं सांगताना त्यानं जड भार वाहणं, आपल्याहून बलवानाशी झुंजणं, झाडावरून पडणं अशी उदाहरणं दिली. अलीकडे डेन्मार्कमधल्या संशोधकांनी कामगारांच्या नोंदी तपासून पाहिल्या. एखाद्या दिवशी उचललेल्या एका वजनापेक्षा वर्षानुवर्षं रोज मिळून उचललेला एकूण भार, आणि दिवसभर उभ्यानं काम करणं, यांचा कोषातून उतरणाऱ्या हर्नियाशी संबंध त्यांना दिसला. हमाल, ऊसतोड कामगार, गवंड्याच्या हाताखालचे बिगारी, भट्टीवर उभे राहणारे आचारी, सगळेच यात आले.

पण हा फक्त कष्टकऱ्यांचा आजार समजू नका. जगभरातल्या आकडेवारीनुसार शंभरातल्या निदान सत्तावीस पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी जांघेचा हर्निया होतो, बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या पुढे आहे. दरवर्षी जगात सुमारे दोन कोटी लोकांवर ही शस्त्रक्रिया होते. या सभागृहातल्या पुरुषांपैकी दर चौथ्या माणसाशी मी आज थेट बोलते आहे.

लक्षणं सांगते. जांघेत, मांडी जिथं पोटाला मिळते तिथं, एका बाजूला फुगवटा येतो. उभं राहिलं, खोकलं, वजन उचललं की तो दिसतो. आडवं झालं की नाहीसा होतो. सकाळी नसतो, संध्याकाळी असतो. काहींना तो कधी दिसतच नाही. फक्त दिवस कलताना जांघेत ओढ बसल्यासारखी वाटते, जड वाटतं, खोकताना चुरचुरतं. पुरुषांत तो वाढत वृषणाच्या पिशवीत उतरतो. दाबल्यावर गुडगुड आवाज करून आत जातो, आणि हा आवाज ऐकून घाबरण्याऐवजी माणसाला धीर येतो. गेली ना आत, मग काय अडलं?

डॉक्टरकडे उशिरा येण्याचं मूळ इथं आहे. जी गाठ बाहेरच राहते ती माणसाला डॉक्टरकडे आणते. मानेवरची गाठ, स्तनातली गाठ रोज हाताला लागते आणि भीती घालते. हर्निया मात्र रोज रात्री आत जातो, आणि रोज रात्री माणसाला वाटतं की आजचं संकट टळलं. एकदा तपासताना एका शेतकऱ्यानं मला सांगितलं, "बाई, पंधरा वर्षं ती माझं ऐकत होती." त्यांचं आतडं तीन पायलीच्या घमेल्याएवढ्या पिशवीत उतरलेलं होतं.

इतक्या वाढलेल्या हर्नियाबद्दल थोडं थांबून बोलते, कारण 'दुखत नाही ना, मग राहू दे' या वाक्याचा तो शेवट असतो. आतड्याचा मोठा भाग वर्षानुवर्षं पोटाबाहेर राहिला की पोटाला त्याच्याशिवाय राहायची सवय होते. पोटातली जागाच आकसते. मग शस्त्रक्रियेत ते सगळं आत घातलं तर पोटातला दाब वाढतो, छातीचा पडदा वर ढकलला जातो, माणसाला श्वास घेणं कठीण होतं. जी शस्त्रक्रिया दहा वर्षांपूर्वी जागा बधिर करून तासाभरात झाली असती, तिला आता पूर्ण भूल, अतिदक्षता विभाग आणि आठवड्यांची तयारी लागते.

मग दिसला हर्निया की लगेच शस्त्रक्रिया, असं माझं म्हणणं आहे का? नाही. या राज्यात गरज नसताना शस्त्रक्रिया झाल्याच्या तक्रारी लोकांनी ऐकल्या आहेत. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची गर्भाशयं काढण्याचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. लोकांच्या मनात संशय असेल तर तो मी खोडून काढणार नाही. शस्त्रक्रिया सांगणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला कारण विचारलंच पाहिजे, मलासुद्धा.

आणि इथं विज्ञान प्रामाणिकपणे काय सांगतं ते ऐका. २००६ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना जांघेचा हर्निया होता पण त्रास नव्हता किंवा अगदी थोडा होता, अशा ७२० पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकावर शस्त्रक्रिया केली, दुसऱ्याला फक्त नियमित तपासत ठेवलं. तपासत ठेवलेल्या गटात आतडं अडकण्याचे प्रसंग वर्षाला हजारात दोनपेक्षाही कमी निघाले. म्हणजे त्रास नसलेला पुरुष डॉक्टरांशी बोलून, धोक्याची लक्षणं समजून घेऊन थांबला तर तो मूर्खपणा करत नाही. पण याच लोकांचा पुढे दहा वर्षांपर्यंत मागोवा घेतला तेव्हा शंभरातल्या अडुसष्ट जणांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती, पासष्टीच्या पुढच्यांत तर शंभरातल्या एकोणऐंशींनी. बहुतेकांचं कारण एकच होतं, दुखणं वाढलं.

थांबणं आणि टाळणं यांत मला फरक वाटतो तो असा. थांबणाऱ्यानं एकदा तरी तपासून घेतलेलं असतं. हर्निया कोणत्या प्रकारचा, हे त्याला माहीत असतं. गाठ आत जाईनाशी झाली तर रात्री कुठं जायचं, हे घरात ठरलेलं असतं. टाळणाऱ्याला यातलं काहीही माहीत नसतं. अमेरिकेतल्या त्या पुरुषांना मिळालेलं अभय आपल्या टाळणाऱ्याला लागू होत नाही.

आता बायकांबद्दल. माझ्या मते आजच्या व्याख्यानातला सर्वांत निकडीचा भाग हाच आहे.

जांघेच्या पट्ट्याच्या खाली, मांडीच्या मोठ्या शिरेच्या आतल्या अंगाला एक अगदी अरुंद फट असते. तिच्यातून उतरणाऱ्या हर्नियाला ऊरू-हर्निया, डॉक्टरी भाषेत फिमोरल हर्निया म्हणतात. पुरुषांच्या तुलनेत तो बायकांत, विशेषतः वय झालेल्या, बारीक चणीच्या बायकांत अधिक आढळतो. त्याची गाठ लिंबाएवढी, कधी सुपारीएवढी असते, आणि बऱ्याचदा ती आत जातही नाही. आपल्याकडे पायाला काटा लागला, जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं. त्यामुळे बाईला वाटतं अवधाणच आलं असेल. ती हळदीचा लेप लावते आणि कामाला लागते.

या फटीच्या कडा कडक असतात, ताणत नाहीत. त्यात शिरलेलं आतडं सुटणं कठीण. ब्रिटनमधल्या शल्यचिकित्सकांनी १९९१ साली आपल्या रुग्णांचा हिशेब मांडला होता. जांघेच्या नेहमीच्या हर्नियात, गाठ दिसू लागल्यापासून तीन महिन्यांत आतडं आवळलं जाण्याची शक्यता शंभरात तीनपेक्षा कमी आली. ऊरू-हर्नियात तीच शक्यता तीन महिन्यांत शंभरात बावीस, आणि पावणेदोन वर्षांत पंचेचाळीस. स्वीडनमध्ये हर्नियाच्या शस्त्रक्रियांची देशभर नोंदवही ठेवतात. तिथं नेहमीच्या हर्नियाचे शंभरातले सुमारे पाच रुग्ण तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी येतात, ऊरू-हर्नियाचे छत्तीस. म्हणून बाईच्या जांघेत गाठ असेल तर 'बघू' हा सल्ला चुकीचा आहे. बाईला नेहमीचा हर्नियाही होतोच, आणि बाहेरून दोन्हींतला फरक ओळखणं अनुभवी हातालाही अवघड जातं. सोनोग्राफी करून घ्यावी आणि शस्त्रक्रिया लवकर उरकावी.

ऊरू-हर्नियात एक फसवा प्रकार आहे. कधी आतड्याची पूर्ण नळी न अडकता तिच्या भिंतीचा एक तुकडाच फटीत चिमटला जातो. आतड्याची वाट चालू राहते, शौचाला होतं, वारा सरतो. घरचे म्हणतात, पोट साफ आहे म्हणजे काळजी नाही. आणि तो चिमटलेला तुकडा आत काळा पडत असतो.

सत्तरीतली बाई आहे, दोन दिवस उलट्या होत आहेत, पोट फुगलंय. घरात म्हणतात पित्त झालं, कुणी म्हणतं बेंबीची वाटी सरकली, चोळणारीला बोलावतात. मग दवाखान्यात सलाईन लागतं. डॉक्टर पोटाला हात लावतात, पण लुगड्याची गाठ सैल करून जांघ पाहायचं राहून जातं. बाईही सांगत नाही, कारण तिच्या लेखी त्या सुपारीएवढ्या गाठीचा आणि उलट्यांचा काही संबंध नाही. उलट्या आणि पोटफुगीच्या प्रत्येक रुग्णाच्या दोन्ही जांघा पाहायच्या, हा आम्हाला शिकवलेला अगदी पहिला धडा आहे. इथं बसलेल्या डॉक्टर मित्रांना मी हात जोडून सांगते, परिचारिकेला बोलवा, पडदा ओढा, पण पाहा. आणि लेकी-सुनांनो, आईला किंवा सासूबाईंना उलट्या होत असतील तर तुम्ही विचारा.

आतडं आवळलं जातं तेव्हा काय होतं? आतड्याचा पेच अरुंद तोंडातून बाहेर येतो आणि परत जाऊ शकत नाही. आधी शिरा दाबल्या जातात, कारण त्या मऊ असतात. रक्त येत राहतं पण परत जात नाही, म्हणून आतडं सुजतं. सुजल्यामुळे ते आणखी घट्ट अडकतं. मग धमन्याही बंद होतात. रक्त थांबलं की आतड्याला काही तासांचीच मुदत असते. त्या तासांत तोंड सैल केलं तर काळपट झालेलं आतडं डोळ्यांसमोर पुन्हा गुलाबी होताना आम्ही पाहतो. मुदत टळली तर ते सडतं, तेवढा भाग कापून टोकं जोडावी लागतात, विष रक्तात उतरलेलं असतं, आणि आधीच वय झालेला माणूस हे सगळं सोसत नाही. ठरवून केलेल्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेत माणूस दगावणं अतिशय विरळ आहे. स्वीडनच्याच नोंदींत तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यूचा धोका कित्येक पटींनी वाढलेला दिसतो, आणि आतडं कापावं लागलं तर त्याहूनही खूप अधिक.

धोक्याची खूण ओळखायला डॉक्टर लागत नाही. रोज आत जाणारी गाठ आज जात नाही. ती कडक लागते, हात लावू देत नाही. मग पोटात कळा, उलट्या, पोट फुगणं, वारा न सरणं. गाठीवरची कातडी लाल किंवा निळसर झाली, ताप आला, तर फार वेळ गेलेला आहे. अशा वेळी काही खाऊ-पिऊ नका, कारण भूल द्यावी लागणार आहे. एरंडेल किंवा कुठलाही जुलाब देऊ नका. चोळू नका. जोरानं दाबून गाठ आत घालू नका, कधी कधी आवळलेलं आतडं तसंच्या तसं आत जातं, बाहेर काही दिसत नाही आणि आत ते सडत राहतं. गुडघे दुमडून आडवं राहावं. त्यानं गाठ आपोआप गेली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि जिथं शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ दोघंही आहेत तिथंच जा. तीन दवाखाने फिरण्यात ते मोलाचे तास जातात. निघण्याआधी फोन करा आणि 'हर्निया अडकलाय' एवढे दोन शब्द सांगा.

तान्ह्या बाळांचं वेगळं. आंघोळ घालताना आजीला किंवा मालिशवालीला जांघेत फुगवटा दिसतो, बाळ रडलं की तो वाढतो. बाळांत अडकण्याचा धोका मोठ्यांपेक्षा खूप जास्त असतो, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत तर अधिकच. मुलीच्या हर्नियात अंडाशय उतरू शकतं. बाळाचा हर्निया मोठेपणी आपोआप जात नाही. पैसा किंवा शिक्का बांधून ठेवण्याचाही उपयोग नाही. निदान झाल्यावर थोड्याच आठवड्यांत बालशल्यचिकित्सकाकडून शस्त्रक्रिया करून घ्यावी. ती लहान असते, जाळी लागत नाही. नुसतं पाणी उतरलेलं असेल तर मात्र वर्ष-दोन वर्षं वाट पाहता येते. कोणतं काय हे डॉक्टरांनी ठरवायचं.

इतकं सगळं असूनही माणसं का येत नाहीत? लाज हे पहिलं कारण, आणि ती फक्त गरिबांची किंवा आपल्याच समाजाची नाही. इंग्लंडच्या राजाची, दुसऱ्या जॉर्जची राणी कॅरोलाइन हिला शेवटच्या बाळंतपणानंतर बेंबीचा हर्निया झाला होता. तिनं तो वर्षानुवर्षं वैद्यांपासून लपवला. १७३७ च्या नोव्हेंबरमध्ये आतडं आवळलं गेलं, तेव्हाही तिनं जागा सांगितली नाही. राजवैद्यांना कळेपर्यंत उशीर झाला होता आणि काही दिवस हाल सोसून ती गेली.

दुसरं कारण पट्टा. बाजारात हर्नियाचे पट्टे मिळतात. पट्टा गाठ दाबून धरतो, वाट बंद करत नाही. वर्षानुवर्षं वापरला की कातडी आणि आतले थर चिकटतात, पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. तिसरं कारण पुरुष कुणाला बोलून दाखवत नाहीत: ऑपरेशननं पुरुषत्व जाईल ही भीती. ते जात नाही. वृषणाचा रक्तपुरवठा बिघडण्याची शक्यता अगदी थोडी आहे, आणि ती वाढते ती फार जुन्या, फार मोठ्या किंवा दुसऱ्यांदा झालेल्या हर्नियात. म्हणजे भीती खरी मानली तरी ती लवकर येण्याच्याच बाजूनं बोलते. शस्त्रक्रियेचा खरा तोटा वेगळा आहे आणि तो लपवायचा नाही. शंभरातल्या दहाएक जणांना नंतरही कित्येक महिने जाणवण्याजोगं दुखत राहतं. त्रास नसलेल्या पुरुषाला थांबायचा पर्याय द्यावा, तो यामुळेही.

आणि सर्वांत मोठं कारण, बुडणारी मजुरी. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक जण आडवा झाला की दुसऱ्याचंही काम थांबतं, खाडा अंगावर पडतो. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा माणूस सकाळी गाठ आत ढकलतो आणि निघतो. त्याला कुणी अडाणी म्हणू नये. त्याचा हिशेब बरोबर आहे, फक्त त्यात आवळलेल्या आतड्याची रात्र धरलेली नाही.

उपचार कसा बदलत आला हे जाणून घेतलं तर भीती कमी होईल. सुश्रुतानं अंत्रवृद्धीला असाध्य मानलं. युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शस्त्रक्रियेनंतर हर्निया परत येणं हे नेहमीचंच होतं. ते बदललं एदोआर्दो बास्सिनी या इटालियन शल्यचिकित्सकानं. १८६७ साली गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांबरोबर रोमजवळच्या व्हिला ग्लोरी इथं लढताना त्याच्या स्वतःच्या जांघेत संगीन घुसली होती. आतडं फाटलं आणि बरेच महिने जखमेतून मळ वाहत राहिला. तो वाचला, पुढे पादुआला प्राध्यापक झाला आणि जांघेच्या त्या बोळीची मागची भिंत थर ओळखून पुन्हा उभारण्याची पद्धत त्यानं १८८७ मध्ये जगापुढे ठेवली. माझ्या पिढीचे शिक्षक तीच पद्धत शिकून आले होते.

तिच्यात ताणून शिवावं लागे, म्हणून दुखे आणि काही वेळा टाके सुटत. लॉस एंजेलिसच्या अर्व्हिंग लिख्टेनस्टाइन यांनी १९८० च्या दशकात ताण न देता वर जाळी बसवण्याची पद्धत रूढ केली. आज बहुतेक ठिकाणी तीच होते, जागा बधिर करूनही होते. दुर्बिणीनं करायची का उघडी, हा वाद इथं नको. दोन्ही बाजूंना हर्निया असेल किंवा बाई रुग्ण असेल तर दुर्बिणीचा फायदा आहे, एरवी तुमच्या शल्यचिकित्सकाचा हात ज्यात बसलेला आहे ती चांगली. पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी तर जाळीऐवजी रुग्णाच्याच पोटावरच्या पडद्याची पट्टी वापरण्याची पद्धत काढली आणि ती आज त्यांच्या नावानं अनेक देशांत ओळखली जाते.

पण माझं मन भरून येतं ते दोंडाईच्याच्या नावानं. जाळी आली तेव्हा ती महाग होती, खेड्यातल्या रुग्णाला न परवडणारी. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्यासारख्या गावात काम करणाऱ्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी पाहिलं की मच्छरदाणीचं कापड जवळपास त्याच जातीच्या धाग्यांचं असतं. औषध न लावलेलं कापड घेऊन, तुकडे करून, रीतसर निर्जंतुक करून त्यांनी ते वापरलं, देशातल्या इतर शल्यचिकित्सकांना सोबत घेतलं आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे स्वीडन आणि युगांडाच्या डॉक्टरांनी पूर्व युगांडात ३०२ पुरुषांवर नामांकित कंपनीची जाळी आणि मच्छरदाणीची जाळी यांची रीतसर तुलना केली. एकीची किंमत सव्वाशे डॉलरच्या घरात, दुसरीची एका डॉलरच्या आसपास. वर्षभरानंतर मच्छरदाणीच्या गटात एकाचा हर्निया परत आला होता, दुसऱ्यात कुणाचाच नाही, फरक नगण्य. २०१६ मध्ये हा अभ्यास अमेरिकेतल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. खानदेशातल्या एका गावातला हा विचार जगाला उपयोगी पडला. मग आपल्याच तालुक्यातल्या माणसाचा हर्निया पैशापायी राहतो, हे मला सहन होत नाही. जिल्हा रुग्णालयात ही शस्त्रक्रिया होते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, कुठल्या रुग्णालयात, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. कागद आधीच तयार ठेवा.

शस्त्रक्रियेनंतर बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. चालणं-फिरणं लगेच, हलकं काम आठवड्याभरात. जड ओझं मात्र साधारण चार ते सहा आठवडे नको असं आम्ही सांगतो. आणि इथंच मला या सभेकडून एक मदत हवी आहे. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात. गाठ त्याआधी दोन महिने सापडली तर शस्त्रक्रिया होऊन, विश्रांती घेऊन माणूस हंगामाला उभा राहतो, एकही खाडा न पडता. म्हणून तपासणी श्रावणात व्हायला हवी. बाजार समितीच्या सभापतींशी मी बोलले आहे, गुरुजींचा रात्रवर्ग भरायचा ती खोली ते द्यायला तयार आहेत. पुरुषांसाठी एक दिवस, बायकांसाठी वेगळा दिवस आणि तपासायला बाई डॉक्टर. मुकादमांना निरोप द्यायचं काम तुमच्यातल्या तरुणांनी घ्यावं. नावं आजच, बाहेर टेबलावर ठेवलेल्या वहीत लिहायची आहेत. फक्त नाव आणि फोन, आजार लिहायचा नाही.